तद्विद्यसंभाषा आणि महाराष्ट्रांतील मूकपटविद्या

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत शास्त्रज्ञान मिळविण्याचे व वाढविण्याचे तीन उपाय सांगितले आहेत. अध्ययन व अध्यापन हे दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा उपाय तद्विद्यसंभाषा, म्हणजे एक विद्या जाणणाऱ्यानें त्याच विद्येच्या दुसऱ्या जाणकाराशीं बोलणें. संहिताकारानें तिचे पुढें दोन भेद केले आहेत. स्नेहभावानें होणारी ती संधायसंभाषा, व जिंकण्याच्या ईर्ष्येनें होणारी ती विगृह्यसंभाषा. शिवाय ज्या परिषदेपुढें बोलावयाचें ती सुहृदांची आहे, उदासीनांची आहे, कीं विरोधकांची आहे, हें आधीं पारखून मगच तोंड उघडावें, अशी वैद्यास सूचना दिली आहे. वैद्यकांतील हा विचार आम्ही सिनेमाच्या इतिहासास लावूं पाहत आहों, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु मूकपटांच्या काळांतील जीं थोडीं साधनें आज उपलब्ध आहेत तीं चाळीत असतां हा तिसरा उपायच आमचे दृष्टीस वारंवार पडला, आणि प्रचलित इतिहासांत त्यासच सर्वांत कमी जागा मिळाली आहे असें दिसून आलें. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच कीं, चित्रपटाची विद्या महाराष्ट्रांत कोणीं एकट्यानें निर्माण केली नसून ती चार-पांच माणसांच्या लहान लहान बैठकींतून, बोलण्यांतून व हाताखालच्या कामांतून पसरली, हें साधनांच्या आधारें दाखवावें.

सनदा, महजर व शकावल्या यांची सवय झालेल्या वाचकानें विचारावें कीं, फिल्मच्या तुकड्याचा आणि संशोधनाचा संबंध काय? त्यास आमचें उत्तर असें. हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण किंवा त्रुटित रूपांत वांचलेले अवघे दोन-तीन डझन आहेत. ज्या नायट्रेटच्या पट्टीवर ते छापले जात ती जात्याच ज्वालाग्राही. जी जळली नाही ती दमट हवेनें विरघळली, आणि जी विरघळली नाही ती कित्येकदां तींतील चांदी काढून घेण्यासाठीं वितळविली गेली. 2003 सालीं पुण्यांत अशा जुन्या फिल्मच्या कोठारास आग लागून उरलेल्यांतलेंही बरेंच गेलें. आपल्या देशांतील वाळवीनें व पावसानें पोथ्यांचा काय संहार केला आहे हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे; पण शंभर वर्षांच्या आंत शेंकडा सत्त्याण्णव ग्रंथ नाहींसे व्हावे असें उदाहरण आमच्या माहितींत दुसरें नाहीं. अशा स्थितींत ही विद्या कशी शिकली व शिकविली गेली हें समजण्यास मूळ चित्रांपेक्षां भोंवतालचा कागद व बोलणें यांचाच आधार घ्यावा लागतो.

प्रथम एक उलटें उदाहरण पाहूं. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे, नानासाहेब चित्रे व त्यांचे सोबती यांचा 'पुंडलीक' 18 मे 1912 रोजीं मुंबईस गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दाखविण्यांत आला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच गृहांत 3 मे 1913 रोजीं, म्हणजे जवळजवळ एका वर्षानें लागला. मग पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या वादांत पडण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. 'पुंडलीक' हें चालू नाटकाचें छायालेखन होतें आणि कॅमेरा चालविणारा गृहस्थ परकीय होता. नाटक आपलें, नट आपले, उत्साह आपला. परंतु कॅमेऱ्यामागें काय चाललें आहे तें काम संपल्यावर त्या गृहस्थाबरोबरच निघून गेलें. त्या उद्योगांतून कोणी शिष्य निपजला नाहीं. तोरणे यांनीं पुढें या धंद्यांत जी मोठी कामगिरी केली ती निराळ्या मार्गानें केली. उलट 'हरिश्चंद्रा'पासून एक परंपरा सुरू झाली. दोन चित्रांत फरक कलेच्या उंचीचा असेल नसेल. विद्या कोणाच्या हातीं राहिली हा फरक मात्र निर्विवाद आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. मुंबईचें जे. जे. स्कूल, बडोद्याचें कलाभवन, लोणावळ्याचा रविवर्म्याचा शिळाछापखाना, आणि नंतर स्वतःचा छापखाना, एवढी शिदोरी त्यांच्यापाशीं होती. म्हणजे छायाचित्र, ठसे व रंगछपाई या तीनही कामांतले ते मुरलेले कारागीर होते. तरीही 1912 च्या फेब्रुवारींत त्यांस विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला जावें लागलें. कां? पुस्तकें नव्हतीं म्हणून नव्हे. ज्या सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील कारखान्यांत फाळके पुढें गेले, त्याच हेपवर्थ यांनीं या विद्येवरील एक लहानसें पुस्तक 1897 सालींच छापलें होतें, आणि 'बायोस्कोप' नांवाचें धंद्याचें साप्ताहिक फाळके येथें बसून वाचीत होते. अध्ययन झालें होतें. अडत होतें तें संभाषेवांचून.

लंडनमध्यें त्यांनीं काय केलें तें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. कोणाची ओळख नाहीं, पाळख नाहीं. 'बायोस्कोप'च्या कचेरीची पाटी दिसली तशी सरळ आंत जाऊन संपादकाची गांठ घेतली. संपादकानें आरंभीं त्यांस परावृत्तच केलें. या धंद्यांत इंग्लंडांतलेच लोक बुडत आहेत, आणि हिंदुस्थानच्या हवेंत हें साधेल कसें, अशा त्याच्या शंका होत्या. येथें विगृह्यसंभाषेचा रंग दिसतो. पण समोरचा मनुष्य कच्चा नाहीं हें ध्यानांत येतांच तोच संपादक सुहृद झाला व त्याच्याच शिफारशीनें हेपवर्थ यांच्या कारखान्याचें दार उघडलें. तेथील सर्व खातीं फाळके यांस हिंडवून दाखविण्यांत आलीं. विल्यमसनचा कॅमेरा, भोंकें पाडण्याचें यंत्र व कच्च्या फिल्मची मागणी एवढें करून ते एप्रिलच्या आरंभीं परत आले. जाऊन येऊन दोन महिने. प्रत्यक्ष कारखान्यांतले दिवस त्याहून कितीतरी थोडे. इतक्या अवधींत कोणी विद्या शिकत नाहीं. मात्र ज्याच्याजवळ वीस वर्षांची पूर्वतयारी आहे त्यास आपलें नेमकें काय अडतें हें ठाऊक असतें, आणि असा मनुष्य जाणत्यापाशीं चार घटका बसला तरी वर्षाचें काम होतें. चाळीस वर्षें वर्गापुढें उभें राहून शिकविणाऱ्यास हें कबूल करणें थोडें जड जातें, पण खरें तें खरें.

मुंबईस परतल्यावर दादर येथील राहत्या घरीं जें मंडळ जमलें त्याकडे इतिहासकारांनीं कौतुकानें पाहिलें आहे, विचारानें फारसें पाहिलेलें नाहीं. त्या काळीं कच्ची फिल्म बाजूची भोंकें न पाडतां येत असे. तीं अंधाऱ्या खोलींत यंत्रानें पाडावीं लागत. चित्राच्या दर चौकटीस दोन्ही कडांना चार चार भोंकें. त्यांत केसभर चूक झाली तर पडद्यावरचें चित्र थरथरे. 'हरिश्चंद्रा'ची लांबी सुमारें 3700 फूट होती. एका फुटांत सोळा चौकटी बसतात व सेकंदास सोळा चौकटी या गतीनें चित्र दाखविलें तर तें तासाभराचें होतें. या हिशेबानें जवळजवळ साठ हजार चौकटी झाल्या, आणि वाया गेलेली फिल्म निराळीच. हें अंधारांतलें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं केलें. रासायनिक द्रव्यें कालविणें, फिल्म धुणें, ऊन परतविण्यासाठीं पांढरी चादर धरून उभें राहणें, आणि एवढें करून सर्व मंडळींचा स्वयंपाक, हेंही त्यांच्याकडेच होतें. त्यांनीं हें कोणत्या पुस्तकांतून वाचलें? पतीच्या तोंडून ऐकलें व हातानें केलें. त्र्यंबक तेलंग यांस फाळके यांनींच कॅमेरा शिकविला आणि 'हरिश्चंद्रा'चें छायालेखन त्यांच्याकडून करविलें. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके मूळचे एका उपाहारगृहांतले आचारी. 1917 च्या 'लंकादहना'त राम व सीता या दोनही भूमिका त्यांनींच केल्या, हें सर्वश्रुत आहे; पण हेच साळुंके पुढें कॅमेऱ्यामागें उभे राहून छायालेखक झाले व कांहीं चित्रांचे दिग्दर्शकही झाले, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. चुलीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही शाळेच्या दाखल्यावांचून झाला. आमच्या मतें फाळके यांच्या कर्तृत्वाचा हा पुरावा 'लंकादहना'च्या यशाहून कमी प्रतीचा नाहीं.

फाळके यांचें वैशिष्ट्य असें कीं, जें त्यांनीं तोंडानें शिकविलें त्याची थोडी नोंदही ठेविली. 'भारतीय चित्रपट' या मथळ्याची त्यांची लेखमाला 1917 च्या नोव्हेंबरपासून 'नवयुग' मासिकांत आली व 1918 मध्यें पुढें चालली. तिच्यांत आत्मचरित्र, धंद्यांतील अडचणी व स्वदेशीचा आग्रह हीं सर्व एकत्र मिसळलेलीं आहेत. तिला शास्त्रग्रंथ म्हणतां येणार नाहीं. परंतु लंडनची हकीकत, कुंडींत पेरलेल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट घेऊन टिपण्याचा प्रयोग व तो पाहून भांडवलदाराचें झालेलें समाधान, या गोष्टी प्रथम पुरुषीं कळण्याचें हेंच एक ठिकाण. दुसरी नोंद याहून विलक्षण आहे. याच सुमारास फाळके यांनीं 'चित्रपट कसे तयार करतात' असा एक लहान चित्रपटच तयार केला. त्याचा तुकडा वांचला आहे. त्यांत खुद्द फाळके कलावंतांना समजावून देतांना, फिल्म न्याहाळतांना व तिची जुळणी करतांना दिसतात. आपल्याकडे कारागिरांनीं हातोटी गुप्त राखली, मुलाखेरीज कोणास सांगितली नाहीं, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. आणि बहुधा तो खराही असतो. येथें मात्र कारागीर स्वतःच आपलें दालन उघडून तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास आंत बोलावीत आहे.

आतां पाठभेदाचा एक प्रश्न. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जीं रिळें दाखविलीं जातात तीं 1913 च्या मूळ चित्राचीं नसून 1917 च्या सुमारास नाशकास पुन्हां घेतलेल्या चित्राचीं आहेत, असें मत मूकपटांच्या अभ्यासकांनीं सबळ कारणें देऊन मांडलें आहे. मूळ चित्र चार रिळांचें होतें, व वांचलेला भाग सुमारें दोन रिळांचा आहे. एवढ्यानें निकाल लागत नाहीं, परंतु इतर पुरावाही त्याच दिशेचा आहे. आम्हांसही तें मत ग्राह्य वाटतें. पोथीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर आपणांपाशीं मूळ प्रत नसून त्याच लेखकानें केलेली दुसरी प्रत आहे. ही गोष्ट कित्येकांस हळहळण्यासारखी वाटते. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ती मोठ्या मोलाची आहे. मूळ चित्र गेलें असतां चार वर्षांनीं तेंच पुन्हां उभें करतां यावें याचा अर्थ असा कीं, चित्र फिल्मवर होतें तसें तें कंपनींतल्या मंडळींच्या हातांतही होतें. वैदिकांनीं संहिता ज्या रीतीनें राखिली त्याच रीतीनें येथें पट राखिला गेला, असें म्हटल्यास थोडी अतिशयोक्ति होईल. पण जात तीच.

फाळके यांचें तिसरें निवेदन सरकारी कागदांत आहे. सर्व देशांतील सिनेमाच्या धंद्याची चौकशी करण्यासाठीं 1927 च्या ऑक्टोबरांत हिंदुस्थान सरकारनें एक कमिटी नेमली. मद्रासचे वकील टी. रंगाचारियर हे तिचे अध्यक्ष; सभासद एकंदर सहा, तीन हिंदी व तीन युरोपीय. कमिटीनें गांवोगांव हिंडून 353 साक्षीदार तपासले व 1928 मध्यें अहवाल दिला. साक्षींचे खंड छापले गेले. गांधीजींनाही प्रश्नावली गेली होती. आपण सिनेमा कधीं पाहिलाच नाहीं, सबब उत्तर देण्यास अपात्र आहों, असें त्यांनीं कळविलें. असो. अहवालांतील शिफारशींचें सरकारनें फारसें कांहीं केलें नाहीं, आणि आज त्या अहवालास कोणी उघडीतही नसावें. परंतु साक्षींचे खंड म्हणजे आमच्या दृष्टीनें या धंद्याचें पहिलें दप्तर होय. सहा जणांपुढें एक जण बसला आहे. ते विचारीत आहेत, तो सांगत आहे, आणि लघुलेखक शब्द टिपीत आहे. चरकाच्या भाषेंत ही उदासीनपरिषद्. मित्रापुढें मनुष्य जें गृहीत धरून बोलतच नाहीं तें उदासीनापुढें त्यास फोड करून सांगावें लागतें, आणि म्हणूनच इतिहासास ही परिषद् अधिक उपयोगी पडते. फाळके यांनीं या कमिटीपुढें सांगितलें कीं, आरंभीं लिहिणें, अभिनय शिकविणें, छायालेखन, इतकेंच काय तर चित्र पडद्यावर दाखविणें हेंही आपणांसच करावें लागलें, कारण 1911 सालीं या देशांत या धंद्याची माहिती असलेला दुसरा मनुष्यच नव्हता. या वाक्यांतून आजवर एकांडा शिलेदार तेवढा उचलला गेला. आम्ही तें निराळ्या रीतीनें वाचतों. बोलावयास कोणी नव्हतें म्हणून बोलणारें मंडळ घडवावें लागलें, असा त्याचा रोंख आहे.

आतां कोल्हापूरकडे वळूं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचा जन्म 3 जून 1890 चा. घर सुतारकाम व लोहारकाम करणाऱ्या कारागिराचें. बाबूराव व त्यांचे चुलत बंधु आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नांवारूपास आले होते. पडदा रंगविणें हें एका माणसाचें काम नव्हे. वीस-तीस फुटांचें कापड जमिनीवर पसरून कोणी रेखांकन करतो, कोणी रंग कालवितो, कोणी आभाळ भरतो व मुख्य कारागीर शेवटचा हात फिरवितो. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे अशाच कामांत या बंधूंच्या हाताखालीं तयार झाले. फाळके यांचें चित्र पाहून या मंडळींस आपणही हें करावें असें वाटलें, पण कॅमेरा नव्हता व तो विकत घेण्याइतकें द्रव्यही नव्हतें. तेव्हां त्यांनीं मुंबईहून चित्र दाखविण्याचें एक जुनें यंत्र आणलें व तें उघडून पाहिलें. यांत मर्म असें आहे कीं, दाखविण्याच्या यंत्रांत फिल्म क्षणभर थांबते व लगेच एक चौकट पुढें सरकते. कॅमेऱ्यांतही नेमकें हेंच घडतें. एकांत उजेड बाहेर पडतो, दुसऱ्यांत आंत येतो. म्हणजे एकाची घडण समजली कीं दुसऱ्याची बहुतेक कळली. तरी चक्रें कापणें, जुळविणें, बिघडलें कीं पुन्हां उघडणें यांत वर्षें गेलीं. 1916 मध्यें आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलें तें बाबूरावांनीं दामले यांच्या मदतीनें 1918 पर्यंत तडीस नेलें. लंडनला न जातां, हेपवर्थला न भेटतां, कोल्हापूरच्या एका कारखान्यांत चालता कॅमेरा तयार झाला. आनंदराव गेल्यावरही काम थांबलें नाहीं, कारण त्यांना जें कळलें होतें तें त्यांच्या एकट्यापाशीं नव्हतें.

गायिका तानीबाई कागलकर यांनीं भांडवल दिलें व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' 1920 च्या फेब्रुवारींत पुण्यास आर्यन थिएटरांत लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढें 1923 च्या 'सिंहगडा'त रात्रीच्या प्रसंगांसाठीं कृत्रिम उजेडाचा उपयोग झाला, आणि 1925 चा 'सावकारी पाश' आला. या चित्रांचें गुणवर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्याची पुनरुक्ति येथें नको. आम्हांस पाहावयाचें आहे तें कंपनींतलें शिक्षण. व्ही. शांताराम तेथें विशीच्या आंतबाहेर असतांना पडेल तें काम करण्यास आले, 1921 च्या 'सुरेखा हरणा'त कृष्ण झाले, व 1927 च्या 'नेताजी पालकर'चें दिग्दर्शन त्यांच्याकडे आलें. केशवराव धायबर कॅमेऱ्यांत तयार झाले. कोणास कोणतें खातें असें आरंभीं ठरलेलें नव्हतें. सर्वांनीं सर्व करावयाचें व त्यांतून ज्याचा त्याचा कल उमगावयाचा, अशी ती रीत होती. बाबूराव प्रसंगाचें चित्र आधीं कागदावर काढीत. लेखापेक्षां रेखेनें बोलणारा हा गुरु.

1929 सालीं फूट पडली. फूट हा शब्द आपल्या इतिहासांत वाईट अर्थानेंच येतो. येथें तिच्यामुळें एक गोष्ट सिद्ध झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चौघे बाहेर पडले, सराफीच्या धंद्यांतले सीताराम कुळकर्णी पांचवे मिळाले, आणि 1 जून 1929 रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीं तिचा 'गोपाळकृष्ण' तयार झाला. नवी कंपनी, नवी जागा, आणि सहा-सात महिन्यांच्या आंत चित्र पुरें! ज्याच्याकडे दिग्दर्शन तो, ज्याच्याकडे कॅमेरा तो, ज्याच्याकडे देखावे तो, ज्याच्याकडे यंत्रें तो, असे चौघे एकाच बैठकींतून उठून दुसऱ्या बैठकींत येऊन बसले होते, एवढेंच याचें कारण. जी विद्या एका गुरूच्या तिजोरींत असते ती अशी वाटणी होऊन निघत नाहीं.

येथें एक विरोध ध्यानांत येतो, आणि तोच आमच्या या लेखनाचें निमित्त झाला. फाळके यांनीं लिहिलें, चित्रपट करून दाखविलें, साक्ष दिली. त्यांचीं साधनें आज सर्वांत अधिक. परंतु त्यांच्या नाशिकच्या मंडळापासून पुढें पिढ्यान्‌पिढ्या चालणारी शाखा निघाली नाहीं. बाबूरावांनीं कागदावर चित्रांखेरीज फारसें कांहीं ठेविलें नाहीं; पण त्यांची शाखा 'प्रभात'च्या रूपानें वाढली आणि तिच्यांतील दामले-फत्तेलाल या जोडीचा 1936 चा 'संत तुकाराम' पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत निवडक तीन चित्रांत गणला गेला. लिहिणारा निर्वंश व न लिहिणारा बहुप्रज, हा दैवयोग नव्हे असें आम्हांस वाटतें. नाशकास भागीदार भांडवलवाले होते, कारागीर नव्हेत. निर्णय घेणारे एकीकडे व हात चालविणारे दुसरीकडे, अशी विभागणी झाली. कोल्हापुरास हात चालविणारेच मालक झाले.

बोलपट आला तेव्हां याच रीतीची पुन्हां परीक्षा झाली. अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजीं मुंबईस लागला. ध्वनियंत्राबरोबर डेमिंग नांवाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता व तो दिवसाला शंभर रुपये घेत असे. ती रक्कम परवडेना, तेव्हां इराणी व रुस्तम भरुचा यांनीं त्याच्या सांनिध्यांत मिळालें तेवढ्यावर ध्वनिलेखन आपल्याच हातीं घेतलें. पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला, व त्याचे ध्वनिलेखक होते तेच दामले, ज्यांनीं चौदा वर्षांपूर्वीं कॅमेऱ्याचीं चक्रें जुळविलीं होतीं. रंगाच्या बाबतींत मात्र तें जमलें नाहीं. 1933 च्या 'सैरंध्री'चें रंगीत काम जर्मनींत करवून घ्यावें लागलें, व रंग मनासारखे उतरले नाहींत. जो टप्पा आपल्या बैठकीच्या बाहेर घडतो त्यांतलें कांहीं परत येत नाहीं, हें 'पुंडलीका'नें दाखविलेंच होतें.

1933 मध्यें 'प्रभात' पुण्यास आली. 1949 सालीं नेमलेल्या स. का. पाटील यांच्या चौकशी कमिटीनें 1951 च्या अहवालांत चित्रपटशिक्षणाची संस्था काढावी अशी शिफारस केली. ती संस्था 1960 सालीं स्थापन झाली, आणि जागा मिळाली ती बंद पडलेल्या 'प्रभात'ची. 1965 च्या सुमारास ऋत्विक घटक तेथें कांहीं काळ शिकवीत होते. तेथील आंब्याच्या झाडाखालीं विद्यार्थ्यांच्या व गुरुजनांच्या ज्या बैठकी होत आल्या त्यांची कीर्ति तेथील वर्गांहून मोठी आहे. पदवी वर्गांत मिळते. झाडाखालीं काय मिळतें तें शिकून गेलेल्यांनाच विचारावें.

हा लेख वाचून कोणा संग्राहकास आपल्या घरच्या माळ्याची आठवण झाली तर पुढील वस्तूंकडे त्यानें कृपा करून पाहावें: 'नवयुग' मासिकाचे 1917 व 1918 चे अंक; नाशिक व कोल्हापूर येथील कंपन्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, हजेरीपत्रकें व हस्तपत्रकें; पडदे रंगविणाऱ्या कारागिरांच्या रेखाटनांच्या वह्या; आणि कंपनींत नोकरीस असलेल्या सुतार, रंगारी, धोबी, शिंपी यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें. शेवटच्या प्रकारचीं पत्रें मोडी लिपींत असण्याचा संभव आहे, म्हणून तीं जुन्या देण्याघेण्याच्या रुमालांतही शोधावीं. फिल्मचा तुकडा हातीं आल्यास तो दिव्याजवळ धरून पाहूं नये, बंद डब्यांत कोंडूनही ठेवूं नये. थंड व वारा खेळता अशा ठिकाणीं ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें. कागदांची नक्कल करून घेण्यास आम्ही कोठेंही येण्यास तयार आहों.